संजीवनी माचीखालचा पांढरा ठिपका

कॅमेरा घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा घरात मला सोडून तो कोणालाच नको होता.

राजगडाच्या पायथ्याशी, पालीत आमचं घर आहे. शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्यांना आम्ही जेवण देतो. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. मी आणि सासूबाई चुलीपाशी, नवरा वाढायला. बाकीच्या दिवशी तो दुधाचा टेम्पो घेऊन नसरापूरला जातो. हल्ली लोक घरून निघतानाच मोबाईलवर फोटो बघून कुठं जेवायचं ते ठरवतात. आणि मी मोबाईलवर काढलेल्या आमच्या ताटाच्या फोटोत पिठलं कुठलं आणि चिखल कुठला हे कळत नसे. चांगला कॅमेरा हवा, असं मी नवऱ्याला सांगितलं ते हे कारण पुढं करून. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

आदल्या वर्षी मुक्कामाला आलेल्या एका बाईंनी आपला कॅमेरा माझ्या हातात देऊन "बघा तर खरं" म्हटलं होतं. मी डोळा लावला. अंगणातल्या शेवग्यावर कोतवाल पक्षी बसला होता. तो एकदम इतका जवळ आला, की त्याच्या शेपटीच्या दोन फाट्यांमधून पलीकडचं आभाळ दिसलं. लग्न होऊन आल्यापासून बारा वर्षं मी त्या शेवग्याखालचा पाला झाडत होते. मान वर करून कधी बघितलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

मी भोरला बारावीपर्यंत शिकले आहे. इंग्रजी फार येत नाही, पण शिकवणारा नीट दाखवत असला की समजतं. दुपारी भांडी झाली की मी मोबाईलवर कॅमेऱ्यांची माहिती ऐकत बसे. लेन्सवरचे आकडे म्हणजे काय, एफचा आकडा लहान केला की मागचं धूसर का होतं, वापरलेला कॅमेरा घेताना काय तपासायचं. नवरा म्हणायचा, "परीक्षा हाय का गं तुझी?"

पुण्यातल्या दुकानात तो माझ्याबरोबर आला, पण दारातच उभा राहिला. दुकानदारानं माझ्याकडं आणि माझ्या पिशवीकडं बघितलं आणि आधी त्यालाच विचारलं, "काय दाखवू?"

"त्यांना विचारा," नवरा म्हणाला. त्या दिवशी तो मला फार बरा वाटला.

दुकानदाराचं म्हणणं, आता डीएसएलआर कोणी घेत नाही, मिररलेस घ्या, हलका असतो. त्यानं तो दिला. मी डोळा लावला. आत छोटा टीव्ही होता. सगळं दिसत होतं, पण माझ्या मनाला पटेना. मग मी वापरलेला डीएसएलआर मागितला, अगदी नवशिक्यांसाठी असतो तो. तो माझ्या हातात नीट बसला. राख आणि पाण्यानं भेगाळलेली माझी बोटं त्या खाचेत बरोबर बसली. काचेतून बघितलं तर रस्त्यावरचा उजेड जसाच्या तसा आत आला. बटण दाबलं की आतला आरसा खटकन उडायचा आणि तो खटका तळहाताला जाणवायचा. दुकानातल्या पांढऱ्या भिंतीचा मी एक फोटो काढला आणि मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यात बघितला. आत धूळ बसली असेल तर काळपट डाग दिसतात, हे मी ऐकलं होतं. दुकानदार आता माझ्याशी बोलायला लागला. दोन लेन्स मिळाल्या. एक जवळची, एक लांबची. जुन्या मालकानं बॅटरी एकच दिली होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी हळदीकुंकू वाहिलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकदा बघितलं आणि विचारलं, "ह्याला खायला काय लागतं?" त्यांचा तो विनोद होता. पुढचे काही दिवस घरात हसत-खेळत गेले. ताटांचे फोटो चांगले आले. मी लांबची लेन्स लावून पक्षी बघायला लागले. बांधावर, ओढ्यावर, नदीच्या बाजूला.

मग एका संध्याकाळी मामंजी पारावरून आले ते चप्पल न काढता ओटीवर उभे राहिले. चेहरा काळाठिक्कर पडला होता. पारावर चार माणसांत त्यांना कोणीतरी म्हटलं होतं, "तुमची सून नदीवर आमच्या बायका धुणं धुत्यात त्यांचे फोटू काढती."

"नाही हो मामंजी," मी म्हटलं. "मी खंड्याचे काढत होते. हे बघा ना, सगळे आहेत यात." मी कॅमेरा पुढं केला.

त्यांनी तो हातात घेतला नाही. सासूबाईंकडं वळून म्हणाले, "हिला सांग, मला लोकांच्या तोंडाकडं बघायचं हाय अजून."

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. एका घरात राहायचं, त्यांच्या पुढ्यात ताट ठेवायचं, आणि त्यांनी "मीठ दे" हेसुद्धा सासूबाईंना सांगायचं. मी वाद घालायला गेले नाही, माफीही मागितली नाही. माझी चूक नव्हती आणि माफी मागितली तर ती चूक ठरेल, एवढंच मनात होतं. नदीकडं मात्र मी पुन्हा कॅमेरा वळवला नाही.

असे अडीच-तीन आठवडे गेले. भाताची कापणी उरकली होती. आमची एक गाय दोन दिवसांपासून घरी आली नव्हती. मामंजी रोज तिला शोधायला जात आणि रिकाम्या हातानं परत येत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले, तेव्हा मी ओटीवर लेन्स पुसत बसले होते. ते दारातून मोठ्यानं, मला ऐकू यावं असं, सासूबाईंना म्हणाले, "आज ती ते डबडं घिऊन बांधावर हुबी ऱ्हायली, तर मी ह्या घरात जेवणार न्हाई. सांगून ठेव."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी लेन्स पुसत राहिले. ते गेले.

आणि मी गेले बांधावर.

रागानंच गेले. घरामागच्या मोठ्या बांधावर भाताच्या तुसाची पिशवी ठेवली, तिच्यावर कॅमेरा टेकवला, लांबची लेन्स लावली. त्या दिवशी हवा फार स्वच्छ होती. समोर गड, उजव्या हाताला संजीवनी माचीची लांबलचक तटबंदी, तिच्याखाली कातळ, कातळाखाली गवताचा उतार आणि कारवीची दाट झुडपं. एफचा कुठला आकडा ठेवला की लांबचा दगड सगळ्यात स्वच्छ येतो हे मला बघायचं होतं. म्हणून कॅमेरा जरासुद्धा न हलवता मी तोच तो फोटो पुन्हा पुन्हा काढत राहिले. आठवर, अकरावर, सोळावर. पुन्हा आठवर. तिसेक फोटो झाले असतील. मग स्वयंपाक आठवला आणि मी घरी आले.

दुपारी मामंजी जेवायला आले नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "बोलले तसं केलं बघ." मलाही तसंच वाटलं. कोणीतरी पारावर जाऊन मी बांधावर होते म्हणून सांगितलं असणार आणि हे कुणाच्या तरी घरी भाकरी खाऊन बसले असणार. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं. मनात राग होता, थोडं ओशाळंही वाटत होतं. पण काळजी म्हणाल तर नव्हती. आजही मला सगळ्यात जास्त तेच टोचतं. आम्ही दोघी दोन-अडीच तास नुसत्या घरात बसून राहिलो.

अडीचच्या सुमाराला नवरा टेम्पो घेऊन आला. "दादा कुठं हायत?" त्यानं विचारलं; वडिलांना तो दादा म्हणतो. सासूबाईंनी सांगितलं. तो हसला आणि पारावर त्यांना आणायला गेला. दहा मिनिटांत परत आला तेव्हा हसत नव्हता.

"पारावर न्हाईत. सकाळपासून कुणी बघितलंच न्हाई."

एकेक घर विचारत गेलो. एक म्हातारा म्हणाला, सकाळी नदीकडं जाताना दिसले होते. तो आदल्या दिवशीचं सांगत होता हे नंतर कळलं. पण तेव्हा सगळे पुरुष नदीकडं धावले. नदीकाठी विहिरी आहेत, दोन जुन्या, कठडा नसलेल्या. विहिरींचं नाव कोणी घेतलं नाही, पण एकानं जाताना विहिरीचा तळ चाचपायचा लोखंडी गळ घेतला होता आणि तो सासूबाईंनी बघितला. त्या ओटीच्या खांबाला धरून खाली बसल्या.

"तू हुबी ऱ्हायलीसच का गं?" त्या मला म्हणाल्या. ओरडून नाही. अगदी हळू.

 मी आत गेले, कोनाड्यातून कॅमेरा काढला आणि सकाळचे फोटो पुसायला लागले. कोणासाठी, कशासाठी, सांगता येणार नाही. ते फोटो असूच नयेत असं वाटत होतं, इतकंच. आमचा कॅमेरा शेवटचा फोटो आधी दाखवतो. पुसायचं बटण दाबलं की तो विचारतो, पुसू का? पुन्हा दाबायचं. एक गेला. दुसरा. तिसरा. डोळ्यांत पाणी होतं, नीट दिसतही नव्हतं. चौथा, पाचवा.

सहाव्यावर बोट सवयीनं दुसऱ्या बटणावर गेलं. फोटो पुसण्याआधी तो मोठा करून बघायची मला सवय होती, दगड किती स्वच्छ आलाय ते. मोठा केला. माचीखालच्या कातळाशी, एका झाडाच्या बाजूला, पांढरा ठिपका होता.

धूळ असेल, असं आधी वाटलं. पण धुळीचा डाग काळपट येतो आणि प्रत्येक फोटोत एकाच जागी असतो. मी मागचा फोटो उघडला. ठिपका होता, पण झाडाच्या खाली. त्याच्या मागच्यात अजून खाली, उतारावर. कॅमेरा तर तुसाच्या पिशवीवर होता, हलला नव्हता. म्हणजे ठिपका हलत होता. वर चढत होता. मामंजींच्या अंगात पांढरा सदरा होता, डोक्याला पांढरी टोपी.

 आणि त्यानंतर लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. सहावा फोटो म्हणजे उरलेल्यांपैकी शेवटचा. त्या झाडापासून पुढं ते कुठं गेले, हे त्या पाच फोटोंत होतं.

नवरा नदीवरून धापा टाकत आला होता, दोर न्यायला. मी त्याला हात धरून थांबवलं. "अहो, हे बघा. हे मामंजी आहेत."

"कशावरनं? बगळा आसंल."

"बगळा असा सरळ रेषेत चालत वर जाईल का? हे बघा, इथं. मग इथं. मग इथं."

त्यानं कॅमेरा डोळ्याजवळ नेला. "ह्यात तर दुपारचं तीन वाजलेलं दिसत्यात. तीनला तर आपण दारोदार फिरत हुतो."

खरंच, फोटोवर तीन वाजून पाच मिनिटं अशी वेळ होती. घड्याळ लावायचं राहूनच गेलं होतं. घेतल्यापासून रोज उद्या लावू म्हणत होते. मी स्वतःला शिव्या घातल्या आणि मग एकदम डोकं चाललं. मी जमिनीचाच एक फोटो काढला. त्यावर रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं आली. मोबाईलवर तीन पन्नास झाले होते.

"मशीन चार तास वीस मिनिटं पुढं आहे," मी म्हटलं. "म्हणजे हा फोटो सकाळी पावणेअकराचा."

"म्हंजी पाच तास झालं," नवरा म्हणाला.  "ह्याच्या फुडचा फोटू?"

"एवढेच आहेत," मी म्हटलं.

खोटं बोलले. त्या क्षणी खरं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

अंगणात तोवर बायका जमल्या होत्या. त्यांत वरच्या धनगरवाड्यावरची एक मावशी होती. ती आणि तिचा नवरा शेळ्या-मेंढ्या राखतात. गडाखालच्या उताराची तिला जेवढी माहिती आहे तेवढी गावात कोणाला नाही. मी तिच्या पुढ्यात कॅमेरा धरला. तिनं डोळे बारीक केले, आधी उलटसुलट बघितलं, मग बोट ठेवलं.

"ह्यो उंबर. उंबराच्या अंगाला घळ हाय. तितलं गवत आजून हिरवं ऱ्हातं. गाय गेली आसंल तर तितंच." मग तिनं बोट कातळाच्या कडेनं फिरवलं. "पर तितं वाट न्हाई. शेरडं जात्यात, माणसानं जायाचं ते बसत बसत."

नवऱ्यानं नदीवरच्या दोघांना हाक मारून बोलावलं. दोर, घोंगडी, दोन कोयते घेतले. मी कॅमेरा गळ्यात अडकवला. तो म्हणाला, "तू ऱ्हा घरी. आईपाशी बस."

मावशी मध्ये पडली. "यंत्र तिलाच कळतंय. यिऊ द्या तिला."

सव्वाचारला आम्ही निघालो. सहाच्या आत उजेड जाणार होता. पालीची पायऱ्यांची वाट सोडून उजवीकडं वळलो आणि कारवीत शिरलो. कारवी डोक्याच्या वर, त्यामुळं पुढचं माणूससुद्धा दिसत नव्हतं, नुसता कोयत्याचा आवाज यायचा. पायाखाली मुरूम घसरत होता. मावशी अनवाणी, सगळ्यांच्या पुढं, मध्येच "इकडनं", "हितं दगड हाय" एवढंच म्हणत चालली होती. मी एका हातानं झुडपं धरत होते, दुसऱ्या हातानं कॅमेरा पोटाशी.  माझ्या कानात एकच चाललं होतं, पाच फोटो, पाच फोटो.

कारवी संपली आणि आम्ही गवताच्या उतारावर आलो. वर कातळ. आणि समोर एक नाही, दोन उंबर. दोन्हींच्या बाजूला एकेक घळ, एकीपासून दुसरी चांगली लांब. एका घळीत चढून, बघून, उतरून दुसरीत जायला उजेड पुरणार नव्हता.

"फोटूतला कुठला?" नवऱ्यानं विचारलं. मावशीलाही ते खालून ओळखता येईना.

मी कॅमेरा चालू केला. बॅटरीची खूण लाल होऊन उघडझाप करत होती. सकाळी तीस फोटो, मग दुपारी कितीतरी वेळ मी तो चालू ठेवून मोठं करून बघत बसले होते. मी घाईघाईनं तो फोटो उघडला, मोठा केला. उंबर दिसला. त्याच्या डोक्यावर तटाचा बुरूज होता का? फोटो सरकवून वरचा भाग बघणार तोच स्क्रीन काळा झाला. बंद करून पुन्हा चालू केला. काही नाही. बॅटरी काढली, हातावर घासली, पदरात गरम केली, परत घातली. काही नाही.

मी मान वर केली तर चौघंही माझ्याकडं बघत होते.

मला काय सुचलं ते सांगते. कॅमेरा मेला होता, पण काच मेली नव्हती. त्या जातीच्या कॅमेऱ्यात आरशावरून काचेतूनच दिसतं, त्याला बॅटरी लागत नाही. फक्त फोकस आपोआप होणार नव्हता. मी लेन्सवरची कळ सरकवली, गुडघा टेकून बसले, डोळा लावला आणि लेन्सचं कडं हातानं फिरवायला लागले. सगळं धुरकट होतं. मग गवताची पाती सुटी झाली. दुर्बिणीइतकं जवळ येत नव्हतं, पण डोळ्यापेक्षा कितीतरी बरं. माझा श्वास लागला होता, त्यानं चित्र वरखाली व्हायचं. नवऱ्यानं माझ्यामागं बसून माझे खांदे धरले.

डावी घळ बघितली. दगड, गवत, वाळलेलं झुडूप. काही नाही. उजवीकडं वळले. उंबराचं खोड. त्याच्या मुळांपाशी गवत. गवतात काहीतरी तांबडं. ते हललं. शेपटी होती.

"गाय," मी म्हटलं. "आपली गाय आहे. उजवीकडच्या उंबराखाली."

"दादा?"

गाईपासून मी काच इंच-इंच खाली आणली. कातळाचा एक टप्पा, मग सावली. सावलीत एक पांढरा तुकडा. टोपी असावी इतका लहान. "खाली काहीतरी पांढरं आहे," एवढंच मी म्हणू शकले.

मावशीनं दोन्ही हात तोंडाशी नेऊन मोठी हाळी दिली. कातळावरून ती परत आली. आम्ही थांबलो. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा हाळी दिली. पुन्हा तसंच. नवरा तोवर चढायलाही लागला होता, हातांनी गवत धरत, मागं न बघता.

पांढरं दिसलं होतं ती टोपीच होती. मामंजी तिच्या खाली पुरुषभर उंचीवर, एका झाडाच्या बुंध्याला अडकून पडले होते. एक पाय बाजूला वाकडा. डोळे मिटलेले. नवऱ्यानं "दादा, दादा" करत तोंडावर पाणी मारलं. मी वर कातळावर उभी होते. मला त्यांची छाती हलताना दिसत नव्हती. मावशीनं माझा दंड घट्ट धरला होता.

मग ते बोलले. ओठ इतके सुकले होते की शब्द नीट फुटत नव्हता.

"गाय गावली का?"

नवरा तिथंच बसून रडला. नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिला.

कोयत्यानं दोन वासे तोडले, घोंगडी बांधली, दोरानं त्यांना तिच्यात आवळलं. उतरताना ते प्रत्येक हिसक्याला ओरडत होते आणि ते ओरडताहेत म्हणून मला बरं वाटत होतं, इतकं माझं डोकं फिरलं होतं. गाय मावशीनं हाकत आणली. रस्त्यावर आलो तेव्हा पुरता अंधार पडला होता. दुधाच्या टेम्पोत मागं गादी टाकली आणि नवरा त्यांना नसरापूरला घेऊन गेला, तिथून पुण्याला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मी नवऱ्याला पाच फोटोंचं सांगितलं. ते फोटो असते तर आपण त्या दोन उंबरांत अडकलो नसतो, हेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाकीचेबी पुसले असतेस तर?" आणि चहा आणायला गेला. त्यात रागही होता, समजूतही होती. त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. पुसलेले फोटो कार्डावरून परत काढून देतात, हे मला खूप नंतर कळलं. मी ते कार्ड बाजूला काढून ठेवलं आहे, पण कोणाकडं नेलं नाही. त्यात काय असेल ते बघायचं धाडस अजून झालेलं नाही.

मामंजी घरी आले ते वॉकर घेऊन. ओटीवर त्यांची खाट टाकली. अबोला संपला असं कोणी जाहीर केलं नाही. औषध देताना, पाणी देताना हळूहळू एकेक शब्द यायला लागला. आधी "ठिव." मग "बास." मग एका सकाळी, सासूबाई मळणीला गेल्या होत्या, मी मामंजींना उठवून बसवत होते, तेव्हा ते म्हणाले, "तो फोटू दाव."

मी कॅमेरा आणला. त्यांच्याजवळ खाटेवर बसले, फोटो मोठा केला आणि बोट ठेवलं.

"ह्यो मी?"

"हो."

"एवढासा?" त्यांनी कॅमेरा हातात घेतला. पहिल्यांदाच घेतला. "मागचा दाव." मी दाखवला. "त्याच्या मागचा." असे चार-पाच झाले. दोन फोटो असे होते की ठिपका दोन्हींत एकाच जागी होता, उताराच्या मध्यावर.

"हितं मी थांबलो हुतो," ते म्हणाले. "तू दिसत हुतीस."

मला कळेना. "मी?"

"बांधावर. वाकून बसली हुतीस यंत्राला डोळा लावून. म्या म्हटलं, बघा, सांगूनशान बी ऐकलं न्हाई." त्यांनी अंगठ्यानं स्क्रीन पुसली. "तवाच गाईचं हंबरनं ऐकू आलं, वरनं. एकट्यानं वर जाऊ नये हे मला कळत व्हतं. हाक मारावी म्हटलं. तू तिथं हुतीस, आवाज आला आसता तुला. पोराला न्हाईतर कुणाला तरी धाडलं आसतंस."

"मग का नाही मारली?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. स्क्रीनवरच बघत होते. "बोलत कुठं हुतो मी तुझ्याशी," ते म्हणाले.

 मी त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली, करायची गरज नसताना. आत चुलीवर भात उतू जायला लागला होता, त्याचा वास आला, पण मी उठले नाही. ते बराच वेळ तो फोटो बघत बसले. मग कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाले, "जा. भात करपतोय."

मामंजी आता काठीवर पारापर्यंत जातात. गड मात्र त्यांना खालूनच बघावा लागतो. नदीवर फोटो काढायला अजूनही त्यांचा विरोध आहे, आणि मीही तिकडं जात नाही. यावर आमचं एकदा चांगलं कडाक्याचं भांडण झालं. समोरासमोर, मोठ्या आवाजात, मधे सासूबाईंना न घेता. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. भांडण संपल्यावर त्यांनी आम्हा दोघांपुढं चहाच्या कपबश्या ठेवल्या आणि गोठ्याकडं गेल्या.